येळवशीच्या कडब्याचा सेल

येडशीजवळच्या आमच्या कंपनीत तुराट्या, कडबा असलं शेतातलं काहीही भट्टीत भाजून कोळसा करतात आणि त्या काळ्या भुकटीपासून लिथियम बॅटरीचा इलेक्ट्रोड बनवतात. माझं काम त्यापुढचं. बटणाएवढा सेल यंत्रावर लावायचा, भरायचा, रिकामा करायचा, पुन्हा भरायचा, तो मरेपर्यंत. साहेब लोक त्याला आयुष्याची चाचणी म्हणतात. मला तो छळच वाटतो, पण पगार त्याचाच मिळतो.

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं उभ्या ज्वारीत कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, बांधून तिच्यात पांडव पुजतात. आमच्या गावात ज्वारी काढेपर्यंत तिला कुणी हात लावत नाही. बांधणाऱ्याचा जीव तिच्यात बसतो म्हणे. यंदा ती माझ्या वडिलांनी, बलभीमअण्णांनी बांधली होती. पुढं अण्णा तुळजापूरला गेले आणि कंपनीच्या ट्रॅक्टरवाल्यांनी बांधावरच्या तुराट्यांबरोबर कोपही भरून नेली. देव्हारा आणि उकिरडा यातला फरक न कळणारी माणसं. मला समजलं तेव्हा तिची भुकटी होऊन सेलही तयार झाला होता.

सेल भलताच गुणी निघाला. मॅनेजर रणधीर साहेबांचे पाय जमिनीवर ठरेनात. आणि इकडं अण्णांचं बिनसलं. एरवी चांगले बोलत-चालत असायचे, मग जेवता जेवता घास हातातच राहायचा. डोळे उघडे, अंग गार. थोड्या वेळानं काही झालंच नाही असे उठून बसायचे. धाराशिवच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही.

एका दुपारी आईचा रडत फोन आला, अण्णा पुन्हा गार पडले म्हणून. समोरच्या पडद्यावर त्या सेलची रेघ तळाला टेकली होती. मग यंत्र सेल भरू लागलं, रेघ वर वळली आणि आईचा आवाज बदलला.

"उठले गं. पाणी मागायलेत."

फोन चालू ठेवून मी सेल मध्येच रिकामा करायला लावला. पलीकडं बोलता बोलता अण्णांची जीभ जड झाली. सख्ख्या बापावर चाचणी घेतली मी, आणि ती खरी ठरली. घाबरून लगेच सेल पुन्हा भरायला लावला.

प्रत्येक भरण्यात सेल केसभर कमी भरतो. अण्णाही दर वेळी थोडे कमी उठत होते. आधी आत्याचं नाव गेलं, मग विहिरीची वाट.

रणधीर साहेबांना सगळं सांगितलं. ते हसले. पुण्याच्या गिऱ्हाइकाला शेवटपर्यंतची चाचणी हवी होती. मी सेल पूर्ण भरू दिला आणि त्यांच्यादेखत काढून रुमालात बांधला. नोकरी जाईल म्हणाले. म्हटलं, घाला चुलीत.

घरी आले तर अण्णा अंगणात खुरप्याला धार लावत होते. किती दिवसांनी त्यांना असं बघितलं.

"सोनाली, लई बरं वाटायलंय," ते म्हणाले. "आता काय न्हाय व्हत मला."

मी सेल माठाखालच्या गार वाळूत ठेवला. यंत्रावरून काढलेला सेल नुसता ठेवला तरी आपोआप उतरत जातो, थंडीत सावकाश, उन्हाळ्यात भराभर. पुन्हा भरावा, तर अण्णांतलं आणखी काहीतरी जाणार. कदाचित माझं नाव.

अण्णांनी कपाळावरचा घाम पुसला आणि म्हणाले, यंदा ऊन लौकरच तापायलंय.