हार्लनमामाचा मासा आणि दोन काउंट्यांची कोर्टं

ईस्टरच्या जेवणात व्हर्लीनने हॅमचा तुकडा तोंडात घालता घालता सहज म्हणून विषय काढला, आणि तिथून सगळं सुरू झालं. तिच्या थोरल्या भावाच्या, डेल्बर्टच्या, दिवाणखान्यात, टीव्हीच्या वर, हार्लनमामाचा पेंढा भरलेला मासा कित्येक वर्षं टांगलेला होता. चांगला चार फूट लांबीचा मस्की जातीचा मासा, जबडा वासलेला, एक डोळा काचेचा आणि दुसरा कोटाच्या बटणाचा.

"तो मासा खरं तर माझा आहे," व्हर्लीन म्हणाली. "मामाने मृत्युपत्रात माझ्या नावावर लिहून ठेवलाय. पकडला तेव्हा होडीत जाळं धरायला मीच तर होते."

"तू?" डेल्बर्ट म्हणाला. "जाळं मी धरलं होतं. तू किनाऱ्यावर बसून उलट्या करत होतीस."

"मग बघ मृत्युपत्र काढून."

"तूच काढ. आणि दाखव मला."

व्हर्लीनने तीस वर्षं शाळेची बस चालवली होती. दंगेखोर पोरांना आरशातून नुसतं बघून गप्प बसवायची तिची ख्याती होती. डेल्बर्ट मात्र तिला कधी बधला नव्हता. त्यानंतर दोघांनी बोलणं टाकलं. चर्चमध्ये डेल्बर्ट डावीकडच्या बाकांवर बसू लागला आणि व्हर्लीन उजवीकडच्या.

मृत्युपत्र बघायला वकील लागतो अशी तिची समजूत होती. शेजारणीने सांगितलं, "छे गं, प्रोबेट कोर्टात, मृत्युपत्रं ठेवतात ना तिथे, जायचं आणि मागायचं. मेलेल्या माणसाची फाइल कुणालाही बघता येते." हे डेल्बर्टच्या कानावर गेलं, आणि सोमवारी सकाळी तो तिच्या ट्रकच्या दारापाशी टोपी घालून उभा.

"मी येतोय," तो म्हणाला. "तू फाइलीत काही घुसडलंस तर?"

"बस गप. आणि पट्टा लाव."

पेनफिल्ड काउंटीच्या कोर्टात खिडकीमागे नेडा प्रुइट नावाच्या बाई होत्या. केसांचा उंच घुमट, गळ्यात साखळीला अडकवलेला चष्मा. त्यांनी मयताचं नाव विचारलं, मग वारल्याचं साल.

"वादळात मेथडिस्ट चर्चचं छप्पर उडालं, त्या वर्षी," व्हर्लीन म्हणाली.

"नाही हो," डेल्बर्ट म्हणाला, "माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी. मी कुबड्या घेऊन मयताला गेलो होतो."

"आम्ही सनावरून शोधतो," प्रुइटबाई म्हणाल्या. "छपरावरून नाही, आणि गुडघ्यावरूनही नाही."

तरी त्यांनी कंप्यूटरवर आडनावाने शोध घेतला. बोहानन आडनावाचे पुष्कळ मेलेले होते, पण त्यांत हार्लन नव्हता. बाईंनी चष्मा नाकावर चढवला. "राहायला कुठे होते?"

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मामाचं घर काउंटी लाइन रोडवर होतं आणि सीमेची रेघ बरोबर घराच्या मधून जायची. निजायची खोली पेनफिल्डमध्ये, स्वयंपाकघर टिबेट्स काउंटीत. मामा अभिमानाने सांगायचा, मी एका काउंटीत उठतो आणि दुसऱ्या काउंटीत अंडी खातो.

"मग झोपायचे कुठे?" प्रुइटबाईंनी विचारलं. "माणूस जिथे झोपतो तिथला तो रहिवासी, असं मी धरते."

"निजायच्या खोलीत," व्हर्लीन म्हणाली.

"नाही. स्वयंपाकघरातल्या कोचावर," डेल्बर्ट म्हणाला. "मेव्हिसमामी घोरायची म्हणून. अख्ख्या गावाला ठाऊक आहे."

मेव्हिसमामी फ्लोरिडात होती, तिसऱ्या नवऱ्याबरोबर, आणि तब्येतीने ठणठणीत होती. व्हर्लीनने तिथेच खिडकीपाशी फोन लावला. ऐकायला कमी येतं म्हणून डेल्बर्टने स्पीकर चालू केला.

"मामी, एक विचारायचं होतं. मामा रात्री कुठे झोपायचा गं?"

"हा कसला प्रश्न?" मामी म्हणाली. "माणूस जाऊन इतकी वर्षं झाली आणि आता चौकशा?"

"कोर्टात उभे आहोत आम्ही. डेल्बर्ट म्हणतो तू घोरायचीस म्हणून मामा कोचावर..."

"कोण घोरायचं?" मामीचा आवाज चढला. "मी? अगं, तो घोरायचा. गोठ्यातल्या गाई बिथरायच्या. कोचावर मी झोपायचे, पाठीची माती करून घेत. डेल्बर्ट आहे का तिथे? डेल्बर्ट, तू लहानपणापासूनच आगाऊ होतास."

"नमस्कार मामी," डेल्बर्ट म्हणाला.

फोन कट झाला. मागे रांगेत लग्नाचा परवाना घ्यायला आलेलं एक जोडपं उभं होतं. त्यातली मुलगी नवऱ्या मुलाकडे निरखून बघू लागली.

"म्हणजे ते निजायच्या खोलीतच झोपायचे. म्हणजे आमच्याकडेच," प्रुइटबाई म्हणाल्या. त्यांनी पुन्हा शोधलं. हार्लन नव्हताच. शेवटी त्यांनी हात टेकले. "टिबेट्सला जाऊन बघा. तिकडचे लोक आमची माणसं पळवतात, नवीन नाही ते."

टिबेट्सच्या वाटेवर दोघांनी एका धाब्यासारख्या जागी तळलेल्या बोलोन्या सॉसेजचं सँडविच खाल्लं. डेल्बर्टने तिच्या ताटातलं लोणचं न विचारता उचललं, तिने त्याचे चिप्स ओढून घेतले. जाळ्याचा विषय निघालाच.

"होडीचा रंग काय होता, सांग," व्हर्लीन म्हणाली.

"हिरवा."

"बघ. लाल होती."

"लाल मामाची टोपी होती. तुझी सगळी सरमिसळ झालीय."

टिबेट्सच्या कोर्टात कर्टिस नावाचा जाडगेला कारकून सूर्यफुलाच्या बिया सोलत बसला होता. तो म्हणाला, "लाइन रोडवरचा ना? पत्रपेटी आमच्या बाजूला होती त्याची. ज्याची पत्रपेटी आमच्याकडे, तो आमचा." आणि खरंच, दोनच मिनिटांत त्याने फाइलीचा नंबर काढून दिला. साल मात्र दोघांचंही चुकलं होतं. चर्चचं छप्पर दोन वर्षं आधी उडालं होतं आणि गुडघा नंतर बिघडला होता.

जुने कागद फोटो काढून रिळांवर चढवलेले होते. तळघरात रीळ बघायचं एक यंत्र होतं. कर्टिसने त्यावर रीळ चढवलं, दिवा लावला आणि बिया खायला वर निघून गेला. पडद्यावर अक्षरं उमटली, पण सगळी डावी-उजवी उलटी. रीळ बहुतेक उलट्या बाजूने घातलं होतं. कर्टिसला हाक मारून उपयोग झाला नाही, आणि यंत्राला हात लावू नये अशी पाटी होती.

डेल्बर्टने आधी मान वाकडी करून बघितली. मग तो मागे वाकून बघू लागला आणि कंबर धरून खुर्चीत बसला.

"आरशात बघितलं की सरळ होईल," व्हर्लीन म्हणाली. तिने पर्समधून पावडरच्या डबीतला आरसा काढला. "धर हा. आणि हलू नकोस."

"मी धरणार आणि तू वाचणार? मग मला कसं कळायचं तू खरं वाचतेयस?"

"मग तू वाच."

"माझा चष्मा ट्रकमध्ये राहिला."

शेवटी डेल्बर्टने आरसा धरला आणि व्हर्लीनने वाचायला घेतलं. मृत्युपत्र अर्ध्या पानाचं होतं. घर, जमीन, होडी, सगळं मेव्हिसला. माशाचं नावही नव्हतं.

"म्हणजे तुला दिलेला नाही," डेल्बर्ट म्हणाला.

"तुलाही नाही. थांब, पुढे सामानाची यादी आहे. आरसा वर घे. तुझ्या नाकपुड्या दिसताहेत मला."

यादी मामीच्या अक्षरात होती. ट्रॅक्टर, बंदुका, दोन गाई, शिवणयंत्र. व्हर्लीन एकेक शब्द लावत होती, आणि एका ओळीवर ती थबकली.

"वाच की," डेल्बर्ट म्हणाला.

"पेंढा भरलेला मासा, एक," व्हर्लीनने वाचलं. "आपला नाही. लायल केसिंजरकडून दाखवायला म्हणून आणलेला. परत द्यायचा आहे."

डेल्बर्टने आरसा खाली घेतला आणि समोर पुन्हा नुसती उलटी अक्षरं उरली.

"पण मी जाळं धरलं होतं," व्हर्लीन हळूच म्हणाली.

"मीही," डेल्बर्ट म्हणाला. "माझ्या पँटवर पाणी उडालेलं आठवतंय मला."

"मग तुझ्याकडे कसा आला तो?"

डेल्बर्ट टोपीची कड फिरवू लागला. "मामी फ्लोरिडाला निघाली तेव्हा तिने माझ्या ट्रकमध्ये ठेवला. तेव्हा ती काहीतरी म्हणाली होती खरी. लायलचं नावही घेतल्यासारखं वाटतंय. पण इंजिन चालू होतं ना."

व्हर्लीनला आधी राग आला. मग तिला तो चालू इंजिनाशेजारी मान डोलावत, हो हो म्हणत उभा असलेला दिसला, आणि तिला हसू आवरेना. ती हसतेय हे बघून डेल्बर्टही हसला, इतका की वरून कर्टिसने डोकावून विचारलं, "काय, वारसा मिळाला वाटतं?"

"नक्कल हवी का?" त्याने पुढे विचारलं.

"नको," दोघं एकदमच म्हणाले.

लायल केसिंजर अजून होता, मैलभर पलीकडे, नव्वदीला टेकलेला. गुरुवारी दोघांनी मासा जुन्या चादरीत गुंडाळला आणि त्याच्याकडे नेला. दार बर्निसने, लायलच्या बायकोने, उघडलं. चादरीतून बाहेर आलेला जबडा बघून तिचा चेहरा उतरला.

"अरे देवा," ती म्हणाली. "हा परत आला? तो हार्लन घेऊन गेला तेव्हा मी देवाचे आभार मानले होते."

आतून लायल काठी टेकत आला. त्याने माशाच्या पाठीवरून हात फिरवला, बटणाच्या डोळ्यावर टिचकी मारली. "सापडला म्हणायचा. हा मी पेंढा भरणाऱ्याकडून उचलला होता. कुणीतरी भरायला दिला होता आणि न्यायला आलाच नाही. हार्लनला सासऱ्यासमोर मिरवायचं होतं, म्हणून दिला चार दिवस."

"म्हणजे पकडला कुणी?" डेल्बर्टने विचारलं.

"काय माहीत. कुणीतरी पकडलाच असणार," लायल म्हणाला. "या, जेवूनच जा. बर्निसने घेवड्याची आमटी केलीय, मक्याचा पावही आहे."

मासा गॅरेजमध्ये ठेवायचा हे बर्निसने जेवायला बसायच्या आधीच ठरवून टाकलं. दोघं भावंडं पोटभर जेवली. लायलने त्यांना पाच जुन्या हकिकती सांगितल्या, त्यातल्या दोन एकच होत्या.

डेल्बर्टच्या भिंतीवर माशाच्या आकाराचा फिकट डाग राहिला. त्याच्या बायकोने तिथे नळ्यांच्या दुकानाचं कॅलेंडर टांगलं. तिच्या मते तिथे तेच जास्त शोभून दिसतं. रविवारी चर्चच्या जेवणात डेल्बर्ट सगळ्यांना सांगत होता, "मला आधीपासूनच संशय होता. मामाच्या होडीत एवढा मासा मावलाच नसता." व्हर्लीन त्याच्या शेजारच्याच खुर्चीवर बसली होती. तिने बटाट्याचं सॅलड वाढून घेतलं, थोडं त्याच्याही ताटात घातलं, आणि त्याला सांगू दिलं.