डाव्या हाताची कॉफी

“दांडी जड आहे, पण दांडीचं काही नाही,” सिस्टर म्हणाल्या. “मी दांडी ओढते आणि यंत्रच माझ्याकडे यायला निघतं. त्याला धरायचं कुणी?”

दुकानातल्या मुलीने झटकन पुढे होऊन कॉफीचं यंत्र दोन्ही हातांनी दाबून धरलं. सिस्टरांनी दांडी सोडून दिली आणि तिच्याकडे बघून हसल्या.

“तू येणार आहेस का रोज पहाटे माझ्याकडे?”

मुलगी ओशाळली. तिने हात काढून घेतले आणि मग ते कुठे ठेवावेत हे न कळून एक फडकं उचलून काच पुसायला लागली.

सिस्टर म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. सगळी नोकरी इस्पितळात नर्स म्हणून केली, त्यामुळे बाहेरचे त्यांना सिस्टर म्हणत. पुढे घरचेही म्हणू लागले, आणि माझे थोरले दीर होते तोवर तेसुद्धा कौतुकाने तसंच हाक मारत. सिस्टरांचा हात फार हलका. वॉर्डातली पोरं डोळे गच्च मिटून “कधी टोचणार?” म्हणून विचारायची, तेव्हा सिस्टर सुई देऊन पुढच्या खाटेशी पोचलेल्या असायच्या. गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगाचा झटका आला. पाय हळूहळू रुळावर आला. उजवा हात मात्र गेला तो गेलाच. धड उचलत नाही, आणि गरम-गारही त्याला समजत नाही. त्या त्याला पाहुणा म्हणत. “घरात असतो, पण कामाला म्हणून लागत नाही.”

आम्ही एकाच जिन्यावर राहतो, त्या वर आणि मी खाली. त्यांचं दोन्ही वेळचं जेवण मी करते, त्याचा काही प्रश्न नव्हता. प्रश्न होता पहाटेच्या कॉफीचा. रात्रपाळ्या करून करून त्यांना उजाडायच्या आत कॉफी लागायची, आणि ती स्वतःच्या हातची. झटक्यानंतरही त्या डाव्या हाताने करत होत्या. एक दिवस दुधाचं पातेलं कलंडलं आणि पाय पोळला. दुसऱ्या दिवशी त्यांची लेक आली, आईच्या पायाला मलम लावलं, आणि जाताना शेगडीच उचलून घेऊन गेली.

मी वर जाऊन करून देईन म्हटलं, तर ती नेमकी माझ्या नेमाची वेळ. तेवढा वेळ मी आसनावरून उठत नाही आणि कुणाशी बोलत नाही. मी नेमाची वेळ बदलते म्हणाले, तर सिस्टर चक्क रागावल्या. “देवाच्या वेळेतून माझ्या कॉफीला वेळ काढू नकोस. मला पचायची नाही ती.” मग थर्मास करून पाहिला. त्याचं झाकण एका हाताने फिरेना, आणि फिरलं तरी आतली कॉफी त्यांना शिळ्या बातमीसारखी लागे. विजेची किटली आणली, ती भरली की मनगट लटपटायचं.

लेकीचं म्हणणं सरळ होतं. आई कॉफीवाचून राहायची नाही, आज ना उद्या कुठून तरी शेगडी पैदा करणार, आणि त्या दिवशी आपण कुणी जवळ नसणार. त्यापेक्षा आईने आपल्याकडे यावं. तिने एक खोली रिकामी केली होती, न्हाणीघरात धरायला दांडे बसवून घेतले होते. जावईही भला माणूस. नाही म्हणायला जागाच नव्हती. येत्या रविवारी येऊन घेऊन जाते, असं तिने फोनवर सांगितलं.

फोन ठेवल्यावर सिस्टर खिडकीशी जाऊन बसल्या. मी जेवणाचा डबा ठेवून निघाले तेव्हा म्हणाल्या, “लेक माझी लाखात एक आहे गं. पण तिथे मी नुसती आई असेन. इथे अजून जिना चढून कुणीतरी विचारायला येतं, सिस्टर, जरा नाडी बघता का?”

आणि दुसऱ्याच दिवशी हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात त्यांना ते यंत्र दिसलं. बाहेर बसलेल्या लोकांसाठी ठेवलेलं, पावाच्या डब्याएवढं. कुणीतरी त्यात एक छोटीशी डबी टाकली, दांडी दाबली, बटण दाबलं आणि कपात कॉफी. सिस्टर आपला नंबर विसरल्या. वापरून टाकलेली एक डबी त्यांनी कचऱ्याच्या टोपलीतून उचलून घेतली. मी इकडेतिकडे बघत होते की कुणी पाहत तर नाही. त्यांनी ती उजेडात धरली. एका बाजूला बारीक भोकं होती, दुसऱ्या बाजूचा पत्रा चाळणीसारखा झालेला.

“अगं, ही तर इंजेक्शनची बाटली,” त्या म्हणाल्या. “सीलबंद औषध. वरून टोचायचं, जोरात पाणी ढकलायचं, खालून औषध बाहेर. ना मोजायचं, ना उकळायचं, ना पातेलं.” डबी त्यांनी पदराने पुसून पर्समध्ये टाकली. घरी येईपर्यंत त्यांचे प्रश्न सुरूच होते. पाणी कुठे तापत असेल? सुई आत असते तर ती साफ कोण करतं? मी काय सांगणार? मी तर कॉफी कधीचीच सोडलेली.

म्हणून आम्ही दोघी म्हाताऱ्या त्या विजेच्या वस्तूंच्या दुकानात उभ्या होतो.

मुलीने आधी आम्हांला पुडीतली साधी पूड चालणारं यंत्र दाखवलं होतं. ते माझ्या मनात भरलं, कारण त्या डब्या काही स्वस्त नव्हत्या. पण त्यात मूठ असलेल्या एका गाळणीत पूड भरायची, ती ठासायची आणि गाळणी यंत्रात अडकवून पिळायची. ठासताना गाळणी धरायला दुसरा हात हवा, पिळताना यंत्र धरायला हवा. मुलगी सांगत होती की याचं प्रेशर पंधरा बार आहे. सिस्टरांनी गंभीरपणे विचारलं, “आणि गोळी कोणती देता त्याला?” मुलीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती काउंटरवर ओणवी होऊन हसली, आणि तिथून पुढे ती आमच्याशी दुकानदारासारखं बोलेनाशी झाली.

दुसरं यंत्र देखणं होतं. बोट लावलं की त्याचं तोंड आपोआप उघडायचं. किंमत ऐकून मी देवाचं नाव घेतलं. मुलगी हळूच म्हणाली, घरी मुलं असतील तर त्यांना सांगून बघा, हल्ली मुलं घेऊन देतात. सिस्टरांनी मान हलवली. लेकीने एका शब्दात घेऊन दिलं असतं हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. पण लेकीच्या पैशाच्या यंत्रावर कॉफी करून लेकीलाच सांगायचं की मला माझं जमतं, हे त्यांना पटेना. त्यांच्या पेन्शनीत बसणारं हे तिसरंच, दांडीचं. वजनाने हलकं म्हणून स्वस्त, आणि हलकं म्हणूनच एका हाताला दाद न देणारं.

सिस्टर यंत्राकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “एक कॉफी काढून दाखव बाळ. तू कर सगळं. मी फक्त हात लावून बघते.”

मुलीने कॉफी काढली. यंत्र घरघरत होतं तेव्हा सिस्टर डाव्या हाताने ते चाचपत होत्या, माथा, पाठ, दोन्ही बगला, पुन्हा माथा. पोट दुखणाऱ्या माणसाचं पोट तपासावं तसं, बोटं जराशी रुतवून, थांबून. कप माझ्यापुढे आला. मी नको म्हटलं. मुलगी आग्रह करू लागली तशी सिस्टर म्हणाल्या, “तिचं देवाशी ठरलंय, तू मध्ये पडू नकोस. दुसरी काढ.” दुसरी काढली. पुन्हा तेच चाचपणं. मला वाटलं, वेळ काढताहेत. इतक्यात घरी चला म्हणणार.

मग त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताने मनगटाशी धरून उचलला आणि यंत्राच्या पाठीवर, पाण्याच्या टाकीच्या अलीकडे, नीट बसवला. झोपलेलं मूल पाळण्यात ठेवतात तसा. अंग जरा पुढे झुकवलं, म्हणजे हाताचा सगळा भार यंत्रावर आला. आणि डाव्या हाताने दांडी ओढली.

यंत्र जागचं हललं नाही.

डबी टाकली, दांडी खाली केली. आत काहीतरी बारीक फुटल्याचा आवाज झाला. तो ऐकून सिस्टरांचा चेहरा असा झाला की मी नजर दुसरीकडे वळवली.

“इथे गरम होत नाही,” पाठीवरल्या हाताकडे बघत त्या मुलीला म्हणाल्या. “माथ्यावर होतं. त्याला स्वतःला कळत नाही ना, म्हणून आधी बघून घेतलं.”

कॉफी त्यांनी बिनदुधाची, उभ्यानेच प्यायली. कडू आहे का, मी विचारलं. आहे, म्हणाल्या. रात्रपाळीला पहाटेपर्यंत दूध संपलेलंच असायचं, तेव्हाची आठवण झाली एवढंच. यंत्र घेऊन घरी जाताना डब्यांच्या किमतीचा काथ्याकूट मी रस्ताभर केला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि दिवसाला एकच कप पिण्याचं कबूल केलं.

रविवारपर्यंत सराव चालला. पाण्याची टाकी काढून नळाखाली न्यायची नाही, लहान मगाने जागच्या जागी भरायची, हे त्यांनीच शोधलं. डब्यांचं खोकं एका हाताने उघडेना, म्हणून मी सगळ्या डब्या एका पसरट वाडग्यात काढून ठेवल्या. एक दिवस कॉफी ओट्यावर गेली. एक दिवस कपच लावायचा राहिला. पहाटे आसनावर बसलेली असतानाही माझा कान छताकडे असायचा. वरून घरघर ऐकू आली की मग माझा दिवस सुरू व्हायचा.

लेक आली ती चाकांची मोठी बॅग घेऊन. पुन्हा खेप नको म्हणून, असं म्हणाली, पण म्हणताना आईकडे पाहिलं नाही. बॅग बाहेरच्या खोलीत ठेवून ती खुर्चीत बसली. सिस्टर स्वयंपाकघरातूनच म्हणाल्या, “आत ये. कप काही चालत यायचा नाही.”

लेक आत आली. मी कपाटाशी उभी राहिले. सिस्टरांनी उजवा हात उचलून यंत्राच्या पाठीवर ठेवला, तेव्हा लेकीचा हात आपसूक पुढे आला. सिस्टर थांबल्या. लेकीने हात मागे घेऊन पाठीशी धरला. मग दांडी वर गेली, डबी पडली, दांडी खाली आली. कप भरला.

“तिथे भाजलं तर?” लेक म्हणाली. “तुला कळणारसुद्धा नाही, आई.”

सिस्टरांनी तिचा तळवा घेतला आणि आपल्या उजव्या हाताखाली सरकवला. “बघ.”

लेकीने बघितलं. खालचं यंत्र गार होतं हे तिला लगेच कळलं असणार, पण तिने हात काढला नाही. म्हणाली, “आज जमलं. उद्या नाही जमलं तर?”

“तर मी तुला फोन करीन आणि तू ये. नाही जमलं म्हणून ये. जमणार नाही म्हणून नको येऊस.”

लेकीने कॉफी ओट्याला टेकूनच प्यायली. साखर कमी आहे म्हणाली. साखर तूच घाल, म्हणाल्या, मी घालत नाही. लेकीने डोळे पुसले आणि दोन चमचे घालून घेतली.

नंतर सिस्टर म्हणाल्या, “ती बॅग आण इकडे.” लेकीने माझ्याकडे पाहिलं. मलाही काही उमगेना. बॅग आली. सिस्टरांनी ओट्याखालचं कपाट पायाने उघडलं. आत दुधाचं मोठं पातेलं होतं, जाड लोखंडी तवा होता, मोठा कुकर होता, आणि बाळंतिणीपासून पाहुण्यांपर्यंत सगळ्यांसाठी ज्यात रांधलं ते दोन मुठींचं भांडं होतं.

“हे घेऊन जा. माझ्याच्याने आता उचलत नाही.”

“राहू दे ना आई. असू देत इथेच.”

“इथे नुसतं बघत बसायचं मला त्यांच्याकडे. तुझ्याकडे रोजच्या वापरात राहतील.”

लेक खाली बसली. एकेक भांडं ती टॉवेलात गुंडाळत होती आणि सिस्टर कुठलं कशात बसेल ते सांगत होत्या. पातेल्यात कुकर, कुकरात वाट्या. तवा तळाला. बॅगेची चेन लावायला मला गुडघा टेकवावा लागला.

खाली उतरवताना चाकं पायरीपायरीवर आपटत होती आणि प्रत्येक पायरीला आतली भांडी वाजत होती. मी मदतीला निघाले, पण लेक म्हणाली, राहू द्या काकू, मी नेते. सिस्टर दाराच्या चौकटीला डावा हात लावून उभ्या होत्या.

“कुकरचं झाकण वेगळं बांधायला हवं होतं,” त्या म्हणाल्या, आणि आवाज पार खाली पोचेपर्यंत दारातून हलल्या नाहीत.