मॅडमच्या पायाखालचा ब्रेक

“डावीकडे घ्या.”

“पण मॅडम, आपल्याला पुलावरून सरळ जायचं होतं ना?” मावशींनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळलं.

“पूल कुठे पळून जात नाही. डावीकडे. पेट्रोल पंपावर.”

गाडी पुरती थांबायच्या आत मॅडमनी दार उघडलं आणि सातव्या महिन्यात माणसाला जितकं पळता येतं त्याहून जरा जास्तच पळत त्या पंपामागे दिसेनाशा झाल्या. बारा वर्षं त्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवत होत्या. गावातला प्रत्येक चढ, प्रत्येक खड्डा त्यांना तोंडपाठ होता. आता त्यात बाथरूमांची भर पडली होती. पंप, वाचनालय, दातांचा दवाखाना आणि परत पंप, असा त्यांचा नवा रस्ता ठरून गेला होता. त्या दिवसांत त्यांच्याकडे शिकलेल्यांना बाकी काही येवो न येवो, पार्किंग मात्र झकास जमायचं.

बाकीच्या तक्रारींनीही रांग लावली होती. साधं पाणी प्यायलं तरी छातीत जळजळ. पाठ सकाळपासूनच संपावर. पावलं इतकी सुजलेली की बुटांच्या नाड्या बांधायला नवरा रोज उकिडवा बसायचा. वर म्हणायचा, “पुस्तकात लिहिलंय, हे सगळं नॉर्मल असतं.”

“लिहिणाऱ्याला एकदा घरी बोलाव,” मॅडम म्हणायच्या.

हे सगळं त्या चारचौघांत बिनधास्त सांगायच्या. लपवलं होतं ते एकच. त्यांच्या पोटरीत गोळे यायचे. आधी फक्त पहाटे यायचे, पण परवा भर दुपारी ऑफिसच्या पायरीवर एक आला, तेव्हा त्यांनी रेलिंग धरून उगाचच आभाळाकडे पाहिलं होतं. मालकांनी आधीच बजावलं होतं, “ताई, पोटाचं तुम्ही आणि डॉक्टर बघा. पण पायाला काही झालं तर त्या दिवसापासून टेबलावर. तुमच्या पायाखाली ब्रेक आहे.” मालकांचं चूक नव्हतं, हे मॅडमना कळत होतं. पण टेबल म्हणजे एक फोन, एक वही आणि समोर भिंत. नुसत्या विचारानेच त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

मावशींची चौथी परीक्षा गुरुवारी होती. पहिल्या वेळी त्यांनी इंडिकेटरऐवजी वायपर लावला. दुसऱ्या वेळी खांबाला धडकून खांबाचीच माफी मागितली. तिसऱ्या वेळी एका कुत्र्याला रस्ता दिला, मग दुसऱ्याला, मग परीक्षक उतरूनच गेले. या वेळी नापास झाल्या तर वर्षभर परीक्षा नाही. नवऱ्याची नजर गेल्यापासून घरची गाडी दारात धूळ खात होती.

“चाळीस वर्षं मी त्यांच्या शेजारी बसून ‘हळू चालवा, हळू चालवा’ करत आले,” मावशी म्हणायच्या. “आता म्हणू दे त्यांना.”

गुरुवारी परीक्षक मागच्या सीटवर बसले आणि मॅडम नेहमीच्या जागी, मावशींच्या शेजारी. शिकवणाऱ्याने आपल्या बाजूचा ब्रेक दाबला की शिकणारा नापास, हा तिथला नियम. मावशी मात्र त्या दिवशी रंगात आल्या होत्या. चौक झाला, पूल झाला, चढावर गाडी थांबवून पुन्हा सुरूही झाली. एक कुत्रासुद्धा बाजूने बघत राहिला. शेवटचा रस्ता सरळ आणि रिकामा होता.

तिथेच मॅडमच्या उजव्या पोटरीला कुणीतरी पीळ घालायला लागलं. त्यांनी ओठ चावला, दाराची कडी धरली. पोटातल्या बाळाला नेमकी उचकी लागली. पाय मागे घ्यायच्या आत बोटं आपोआप ताणली गेली आणि गाडी जागच्या जागी थांबली. परीक्षकांची फाइल पुढे येऊन पडली.

“कुत्रा होता का?” मावशी किंचाळल्या.

“शेजारचा ब्रेक लागला,” परीक्षक म्हणाले. “संपली परीक्षा.”

“माझंच चुकलं असणार,” मावशींचे डोळे भरून आले. “मलाच काहीतरी दिसलं नसेल. माझी मेलीची नजर!”

मॅडम नुसत्या गप्प बसल्या असत्या, तर कुणाला काही कळलं नसतं. पण मावशी रिकाम्या रस्त्याकडे बघत आपली चूक शोधत होत्या, ते त्यांना बघवेना.

“साहेब, यांची चूक नाही. माझ्या पायात गोळा आलाय. अजून आहे. आई गं!”

“बोटं वर ओढा!” म्हणत परीक्षक खाली उतरले, दार उघडून त्यांनी मॅडमचा बूट काढला आणि पाऊल सराईतपणे वर दाबून धरलं. “आमच्या हिला तिन्ही वेळा यायचे. श्वास घ्या.” गोळा उतरला. त्यांनी हात पुसले आणि फाइल उचलली.

“आज पहिल्यांदाच आला?”

“नाही.”

“मग मला तसं लिहावं लागेल. तुमच्या मालकांकडे जाईल.”

“लिहा.”

“परीक्षा इथूनच पुढे चालू राहील. पण त्या सीटवर आता मी बसतो.”

मॅडम मागे जाऊन बसल्या आणि बारा वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी पुढे कुणाला काही सांगितलं नाही. मावशी पास झाल्या. घबाड सापडल्यासारख्या हसल्या, मग रडल्या, मग परीक्षकांना मिठी मारायला गेल्या, तेव्हा त्यांनी फाइल मध्ये धरली.

स्कूलपर्यंत गाडी मावशींनीच आणली. मालक दारातच उभे होते. मॅडमनी त्यांना स्वतःच सगळं सांगितलं, अगदी परवाच्या पायरीसकट.

“उद्यापासून टेबलावर बसते,” त्या म्हणाल्या.

मालकांनी मान हलवली. त्यांनाही वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी किल्ली मागितली नाही.

मॅडम परत गाडीपाशी गेल्या. आपल्या बाजूचं दार उघडून त्या धापा टाकत वाकल्या आणि सीटखालची कडी चाचपू लागल्या.

“ताई, राहू द्या, मी करतो,” मालक धावले.

“पोटाला जागा हवी म्हणून दर महिन्याला मीच मागे सरकवत आले,” त्या म्हणाल्या. “उद्या जो बसेल त्याचा पाय पोचायला हवा.”

डोळ्यांत पाणी होतं, ते त्यांनी पुसलं नाही. सीट एकेक खटका करत पुढे आणली, हात लावून घट्ट बसल्याची खात्री केली आणि मग दार लावलं.