रोज दहा शब्द

मित्रांनो, मी एक जुनी दोनशे पानी वही आहे. माझ्या पुठ्ठ्यावर 'उच्च इंग्रजी शब्द' असं वळणदार अक्षरात लिहिलं आहे. ते अक्षर एका शिंप्याचं. त्यांना इंग्रजी कळत नव्हतं, पण बघून बघून उतरवता यायचं.

त्यांच्या मुलीला एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरी हवी होती. वाचनालयातला जाडजूड शब्दकोश घरी मिळत नसे आणि ती दिवसभर दुकानात काजंबटणं करायची. म्हणून दुपारी मशीन थांबवून बाबाच तिथे जाऊन बसत. रोज दहा शब्द, त्यांचे उच्चार आणि अर्थ. मुलगी ते येता-जाता पाठ करी. तेव्हा माझा तोरा काय वर्णावा!

एका दुपारी 'नोटोरियस' हा शब्द आला. शब्दकोशात त्याचा अर्थ एका ओळीत मावला नव्हता. ओळीच्या टोकाला 'कु' होतं आणि खालच्या ओळीत 'प्रसिद्ध'. शिंप्यांना वाटलं, हे कुमारीचं 'कु' असणार, त्याचं इथे काय काम? त्यांनी ते गाळलं. मीही नुसतं 'प्रसिद्ध' मिरवत राहिले.

मुलाखतीला मी तिच्या पर्समध्ये होते. समोर तीन साहेब. एकाने इंग्रजीत विचारलं, वडील काय करतात? ती ताठ मानेने म्हणाली, "माय फादर इज अ नोटोरियस टेलर." तिघेही हसले. शब्द आवडला असं वाटून तीही हसली. बाहेर पडल्यावर मात्र दाराआडून तेच वाक्य कुणीतरी तिच्या आवाजात म्हटलं आणि पुन्हा हशा पिकला.

ती तडक वाचनालयात गेली. शब्दकोशाशेजारी मला उघडून ठेवलं आणि तिथल्या 'कु'वर बोट टेकवलं. तिने मला फाडलं असतं तर बरं वाटलं असतं.

"काय झालं गं?" घरी बाबांनी विचारलं.

"जागा आधीच भरली होती, बाबा."

"बरं. उद्याचे दहा शब्द आणतो."

"नको आता. कंटाळा आला मला."

तेव्हापासून मी चिंध्यांच्या गाठोड्यात आहे. मित्रांनो, मला जपा असं मी कुठल्या तोंडाने सांगू? त्या तिघांना खरा अर्थ ठाऊक होता. तो सांगायला अर्धं मिनिटही लागलं नसतं. तुम्ही खूप शब्द शिकाल, तेव्हा चुकणाऱ्याला निदान एवढं तरी द्या.

परवा शिंपी एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "मी जिवाचं रान केलं हो, पण पोरीलाच चिकाटी नाही." ती शेजारीच बटण लावत होती. तिने दोरा तोडला आणि पुढचं बटण घेतलं.