सदतीस नंबरची चिठ्ठी

जैनबच्या ब्लॉगवर मी टाकलेली पहिली कॉमेंट म्हणजे एक दुरुस्ती होती. दुबईचा समुद्र आणि मोंबासाचा समुद्र सारखेच खारट, असं तिने लिहिलं होतं. मी खाली लिहिलं, मोंबासाजवळ लिटरला साधारण पस्तीस ग्रॅम मीठ असतं, इथे चाळीस. पूर्ण नाव लिहायचा संकोच वाटला, म्हणून नुसतं 'ए. के.'

दुसऱ्या दिवशी सकाळी लॅबमध्ये ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"चाळीस ग्रॅम," ती म्हणाली. "दुबईत असं लिहिणारी एकच बाई आहे. आणि ती माझ्या शेजारी बसते."

ही २००४ची गोष्ट. आम्ही दोघी अल कूझमधल्या एका लॅबमध्ये पिण्याचं पाणी तपासायचो. टँकरचं, इमारतींच्या टाक्यांचं, हॉटेलांचं. मी पुण्याहून एम.एस्सी. करून आलेली, नवरा आणि मुलीबरोबर ऊद मेथाला राहणारी. जैनब मोंबासाची. तिचं लहानपण एका गुजराती कापडवाल्याच्या दुकानामागे गेलं होतं, त्यामुळे तिची हिंदी माझ्या हिंदीपेक्षा चांगली होती आणि गुजराती तर फारच चांगली. आम्ही हिंदीत बोलायचो, मधे मधे इंग्रजी. ती मला 'प्रोफेसर' म्हणायची. माझ्या डब्यातली भरली वांगी ती न विचारता घ्यायची आणि तिच्या डब्यातला नारळाच्या दुधातला भात मी विचारून घ्यायचे.

तिच्या ब्लॉगचं नाव स्वाहिलीत होतं. अर्थ खारं पाणी. तेव्हा ब्लॉग ही नवी गोष्ट होती. घरी इंटरनेट लावलं की फोन बंद पडायचा आणि उपेंद्र, माझा नवरा, आतून ओरडायचा, "झालं का? पुण्याहून आईचा फोन यायचाय." मी ब्लॉगचं पान उघडून ठेवायची, लाइन सोडून द्यायची आणि मग सावकाश वाचायची.

आफ्रिकेतून आणि इतर देशांतून येऊन दुबई-शारजात राहणारी काळी माणसं तिथे लिहायची. एरवी ती एकमेकांना कधी भेटलीच नसती. केस कापायला गेलं की सलूनमधली बाई 'हे केस आम्ही करत नाही' म्हणते, यावर एकदा चौसष्ट कॉमेंट्स आल्या. त्यात केस करणाऱ्या तीन बायकांचे फोन नंबरही मिळाले. गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातींवर वाद झाला. मोत्यांसाठी बुड्या मारणाऱ्यांमध्ये आफ्रिकेतून आणलेले गुलाम किती होते, यावर कुणीतरी सहा भाग लिहिले. सगळ्यात मोठं भांडण झालं ते काळं कुणाला म्हणायचं यावर. शारजात वाढलेली झुबेदा, मूळची सुदानची, कॉलेजात शिकणारी, तिने लिहिलं होतं: वर्गात मी अरब असते. लिफ्टमध्ये शिरले की बायका विचारतात, कुठल्या मॅडमकडे कामाला आहेस?

मी ते तीनदा वाचलं. आमच्या लिफ्टमध्येही कुणी ना कुणी असं विचारायचं. मी कधी विचारलं नव्हतं. पण कुणी विचारताना ऐकलं होतं आणि मजल्याच्या आकड्याकडे बघत राहिले होते.

शुक्रवारी दुपारी ही मंडळी देरातल्या एका इथिओपियन कॅफेत जमायची. पहिल्यांदा जैनब मला घेऊन गेली तेव्हा बर दुबईहून आम्ही अब्रात, म्हणजे तिथल्या लाकडी होडीत, बसून खाडी ओलांडली. कॅफेत झुबेदा होती आणि लंडनहून आलेली एक नर्स होती, मूळची जमैकाची. तिला सगळे 'सिस्टर' म्हणायचे. बाकीचे येऊन जाऊन असायचे. कॉफी छोट्या कपांत तीनदा यायची आणि तिसऱ्या कपापर्यंत कुणी उठायचं नाही, असा तिथला रिवाज होता. मी फारसं बोलायची नाही. पण माझी खुर्ची कुणी दुसऱ्याला देत नसे. मला त्या दुपारी अजून आठवतात. इतक्या मोकळ्या हसण्यात मी त्याआधी फक्त हॉस्टेलवर बसले होते.

२००५च्या जानेवारीत जैनबला नोटीस आली. सतवामधल्या ज्या जुन्या व्हिलात ती चार बायकांबरोबर राहायची, तो पाडणार होते. एप्रिलअखेर घर सोडायचं होतं. राहायची जागा मिळाली नाही तर मोंबासाला परत जायचं, असं तिने ठरवलं होतं. तिथे तिची आई एकटी होती आणि परत ये म्हणून मागेच लागली होती.

ती रोज फोन करायची. नाव ऐकून लोक खूश व्हायचे. जैनब म्हणजे हैदराबादची असेल, लखनौची असेल. हिंदी ऐकून आणखी खूश. मग ती खोली बघायला जायची आणि दार उघडणाऱ्या माणसाला आठवायचं, की खोली आत्ताच गेली.

याबद्दल तिने ब्लॉगवर लिहिलं. खाली एकाने, नाव विजयकुमार, कॉमेंट टाकली: मॅडम, एक-दोन लोकांवरून सगळ्यांना बदनाम करू नका.

जेवणाच्या सुट्टीत जैनब संतापलेली होती. "एक-दोन म्हणे. याला काय उत्तर देऊ?"

"मोजून दे," मी म्हणाले.

"काय मोजून?"

"चिठ्ठ्या. दिव्यांच्या खांबांवर, ग्रोसरीच्या बोर्डांवर खोली भाड्याने देण्याच्या चिठ्ठ्या असतात ना. शंभर घ्यायच्या. किती जणांनी काय अट लिहिली आहे ते मोजायचं. मग तो एक-दोन म्हणूच शकणार नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि मग हसली. "यल्ला, चल प्रोफेसर. पद्धत सांग."

पद्धत मी लॅबमधलीच ठेवली. प्रत्येकीने आपापल्या गल्ल्या घ्यायच्या. रांगेत येईल ती चिठ्ठी घ्यायची, निवड करायची नाही. वाचायच्या आधी नंबर घालायचा, म्हणजे आवडली म्हणून घेतली, नको म्हणून सोडली असं होणार नाही. चिठ्ठी काढायची नाही, वहीत जशीच्या तशी उतरवायची. झुबेदाकडे डिजिटल कॅमेरा होता, तिने फोटो काढायचे. शारजा तिच्याकडे, देरा सिस्टरकडे, करामा जैनबकडे, बर दुबई आणि ऊद मेथा माझ्याकडे. पन्नास चिठ्ठ्या माझ्या, उरलेल्या पन्नास त्या तिघींच्या.

ते फेब्रुवारीचे शुक्रवार होते, हवा छान होती. मीना बझारच्या कापडाच्या दुकानांमधून, देवळाच्या गल्लीतून मी वही घेऊन हिंडले. फक्त केरळी. फक्त फिलिपिनो मुली. मुस्लिम एक्झिक्युटिव्ह बॅचलर. गुजराती व्हेज फॅमिली. नो आफ्रिकन. मला ते काम आवडत होतं हे कबूल करायला हवं. रकाने भरत होते.

दुसऱ्या शुक्रवारी मी आमच्या बिल्डिंगखालच्या ग्रोसरीच्या बोर्डापाशी पोचले. रांगेत पुढची चिठ्ठी होती. मी वहीत ३७ लिहिलं आणि मग वाचली.

रूम इन फॅमिली फ्लॅट. ओन्ली इंडियन, व्हेज. नो आफ्रिकन प्लीज. खाली आमच्या घरचा नंबर. अक्षर उपेंद्रचं, सुंदर, इंजिनीयरचं.

आमच्याकडे एक खोली जानेवारीपासून रिकामी होती. उपेंद्रच्या ऑफिसातला सुरेश तीन वर्षं तिथे राहायचा, लग्न झाल्यावर त्याने वेगळं घर घेतलं. चिठ्ठी लावतो असं उपेंद्र म्हणाला होता. काय लिहिणार हे मी विचारलं नव्हतं. आणि खोली रिकामी आहे हे मी जैनबला सांगितलं नव्हतं. रोज तिच्या शेजारी बसून, रोज तिचे फोन ऐकून, सांगितलं नव्हतं. विसरले असं मी स्वतःलाही म्हणू शकत नव्हते.

मी घरी येऊन त्याला विचारलं.

"अगं सगळेच लिहितात," उपेंद्र म्हणाला. "नाही लिहिलं तर फोन येतात, लोक बघायला येतात, मग तोंडावर नाही म्हणायचं. त्यापेक्षा आधीच लिहिलेलं बरं ना? मी तर प्लीजसुद्धा लिहिलंय."

"जैनब खोली शोधतेय."

"ती येते, जेवते, छान आहे गं. पण येणं वेगळं, राहणं वेगळं. महाराष्ट्र मंडळातले लोक येतात आपल्याकडे. आई येणार मेमध्ये. तू तरी कुठे विचारलंस तिला?"

मी वही घेऊन परत खाली गेले.

वहीत ३७ समोरची ओळ मी कोरी ठेवली आणि ३८ पासून पुढे गेले. शेवटी एक जास्तीची, ५१वी, घेतली. पन्नासचा हिशेब पुरा झाला. ३८चा ३७ करणं मला जमलं नाही. नमुन्याला एकदा दिलेला नंबर बदलायचा नसतो, हे हाताला लागलेलं वळण होतं. त्या वेळी ते माझ्या लक्षातही आलं नाही.

मार्चच्या पहिल्या शुक्रवारी कॅफेत चौघींच्या वह्या टेबलावर आल्या. सिस्टर बेरीज करत होती, जैनब माझी वही वाचून दाखवत होती. पस्तीस, फक्त तमिळ. छत्तीस, अट नाही. अडतीस...

ती थांबली. लॅबमध्ये काम न करणारं दुसरं कुणी असतं तर थांबलं नसतं.

"सदतीस कुठे आहे?"

मी कॉफीचा कप खाली ठेवला. फाटली होती, पावसाने भिजली होती, असं काहीही सांगता आलं असतं. लॅबमध्ये नमुना बाद केला तर कारण लिहावं लागतं आणि ते जैनबनेच मला शिकवलं होतं, माझ्या पहिल्या आठवड्यात.

"ती आमच्या घरची आहे," मी म्हणाले.

"काय लिहिलंय?" झुबेदाने विचारलं.

मी सांगितलं. शब्द न शब्द.

"प्लीज," सिस्टर म्हणाली. "मॅनर्स आहेत हं घरात." झुबेदा हसली, मग तिने जैनबकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं.

"खोली कधीपासून रिकामी आहे?" जैनबने विचारलं.

"जानेवारीपासून."

"मी जानेवारीपासून शोधतेय."

"माहीत आहे."

तिने पेन उचललं, माझ्या वहीतली कोरी ओळ भरली. भारतीय, शाकाहारी, आफ्रिकन नको. मग ५१ नंबरवर आडवी रेघ मारली. "शंभर," ती सिस्टरला म्हणाली. "आता बेरीज कर."

शंभरात एकसष्ट चिठ्ठ्यांवर देशाची किंवा धर्माची अट होती. तेवीस चिठ्ठ्यांवर आफ्रिकन नको असं स्पष्ट लिहिलेलं होतं. जैनबने लेख लिहिला. सदतीस नंबरबद्दल मी लिहू का, असं मी फोनवर विचारलं. ती म्हणाली, लिही, पण ए. के. नको. मी पाच वाक्यं लिहिली, खाली अपर्णा केळुसकर. त्या लेखावर एकशे नव्वद कॉमेंट्स आल्या. कित्येक भारतीयांनी आपापल्या घरच्या चिठ्ठ्यांबद्दल लिहिलं. विजयकुमारने मात्र काही लिहिलं नाही.

मंडळातल्या कुणीतरी लेख प्रिंट करून उपेंद्रला दिला. तो संध्याकाळी घरी आला आणि बूट न काढता कोचावर बसला.

"नवऱ्याचं अक्षर इंजिनीयरचं आहे हेही लिहायची गरज होती?"

"खरं होतं."

"हो, तुझं सगळं खरंच असतं." तो वाकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. मग म्हणाला, "चिठ्ठी मी काढलीय. बोलाव तिला. खोली बघू दे."

आमची मिहिका तेव्हा नऊ वर्षांची होती. तिने जैनबला हात धरून खोलीत नेलं. "धिस इज द बेस्ट रूम, जैनब आंटी. यू कॅन सी माय स्कूल फ्रॉम हिअर." जैनबने खिडकीतून शाळा बघितली. एसी लावून बघितला. उपेंद्रने स्वतः चहा केला होता, तो तिने पूर्ण प्यायला. तो म्हणाला, स्वयंपाकघराचं काही बंधन नाही, फक्त आई आल्यावर मासे जरा जपून. ती म्हणाली, हो, समजतं मला.

मग तिने कपाट उघडलं, आत बघितलं आणि बंद केलं.

"कपाट लहान आहे, भाईसाब," ती म्हणाली. "माझं सामान मावणार नाही."

ते कपाट भिंतभर होतं. सुरेशच्या लग्नाचं सगळं सामान त्यात मावलं होतं. उपेंद्र काही तरी बोलणार होता. मी मान हलवली, तो थांबला.

लेख वाचून झुबेदाच्या मावशीने आपली मागची खोली देऊ केली होती. जैनब मोंबासाला गेली नाही एवढ्याचंच मला त्या वेळी बरं वाटलं. एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारी सिस्टरच्या गाडीत सामान भरलं. मला कुणी बोलावलं नव्हतं, तरी मी गेले. जैनबने मला बघितलं, एक खोकं उचलून माझ्या हातात दिलं. पुस्तकांचं, जड. शारजाला पोचेपर्यंत ते माझ्या मांडीवर होतं.

मावशीने दार उघडलं. एकेकीची ओळख झाली. माझ्यापाशी आल्यावर तिने अरबीत काही तरी विचारलं.

"लॅबमधली आहे," जैनबने सांगितलं.

ते बरोबर होतं. मी खोकं आत नेऊन ठेवलं. मावशी म्हणाली, बसा, चहा होतोय. मी जैनबकडे बघितलं. ती पुस्तकं बाहेर काढत होती, तिने वर बघितलं नाही, पण पलंगावरची एक पिशवी उचलून खाली ठेवली, बसायला जागा होईल एवढी.