बांधाच्या आतलं घर

सरकारची माणसं आली, त्यांनी मोजमाप केलं, लाल फडकी बांधलेल्या खुंट्या ठोकल्या आणि चहासुद्धा न घेता निघून गेली. न्झोइया नदीचा नवा बांध मुसुम्बाच्या अंगणातून जाणार होता. खुंट्यांची रांग बघून त्याच्या थोरल्या बायकोच्या, नांजालाच्या अंगाचा तिळपापड झाला. तिचं, म्हणजे थोरलीचं घर नदीच्या बाजूला राहत होतं आणि धाकट्या नेरिमाचं आत, कोरड्यात!

सवतीचं तिला आधीच काय कमी सलत होतं? नेरिमाचं छप्पर पत्र्याचं, हिचं गवताचं. नेरिमाची मक्याच्या पिठाची उगाली म्हणे मऊ आणि हिची दगड. नवरा दोन रात्री इकडे, दोन रात्री तिकडे, असं ठरलेलं होतं आणि तो ते पाळायचाही. पण नांजालाकडे आला की घोरायचा आणि नेरिमाकडे असला की हसायचा. मातीच्या भिंतीतून ते हसू रात्रभर ऐकायचं म्हणजे काय, ते जिला सवत आहे तिलाच कळेल. आणि आता सरकारनेही धाकटीचीच बाजू घेतली.

"अक्का, काळजी नको करूस," नेरिमा कडेवरच्या पोरीला थोपटत म्हणाली. "पूर आला की सरळ माझ्याकडे ये."

"तुझ्याकडे? सवतीच्या छपराखाली? त्यापेक्षा पाणघोड्याशेजारी अंथरूण घालीन!"

नेरिमा बिचारी खरंच मनापासून बोलली होती. म्हणून तर ते जास्त झोंबलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात एका म्हाताऱ्याचं दफन होतं. सगळं गाव तिकडे गेलं. नांजाला गालाला फडकं बांधून घरी राहिली. दाढ ठणकतेय म्हणाली. वाटेवरची शेवटची बाई दिसेनाशी होताच तिने कुदळ उचलली. अंगणातल्या खुंट्या उपटल्या, रांग दुसऱ्या अंगाने वळवली, जुनी भोकं बुजवून वर शेण सारवलं. आता तिचं घर आत होतं आणि नेरिमाचं बाहेर. कुदळ धुताना तिला कित्येक वर्षांनी गाणं म्हणावंसं वाटलं.

माती ढकलायचं यंत्र आलं. चालवणारा शहरातला होता. त्याला एवढंच सांगितलेलं, लाल फडकं दिसेल तिथे माती टाक. मुसुम्बा डोकं खाजवत म्हणाला, "मला वाटलं होतं बांध त्या बाजूने जाणार."

"साहेब लोकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का हो?" नांजाला म्हणाली.

तो कचेरीत जाऊन आला, तर तिथे नकाशा कुणी उघडलाच नाही; नेरिमाला आत जागा पुढच्या वर्षी मिळेल म्हणे.

मार्चअखेर पावसाने जोर धरला, नदी फुगली. बांधाने पाणी अडवलं. बायका बांधावर चढून नाचल्या. नांजालाची जमीन पहिल्यांदाच कोरडी राहिली. नेरिमाच्या घरात गुडघाभर पाणी शिरलं. मुसुम्बाने तिला घरातच खांबांवर उंच माचा बांधून दिला, दारात होडी बांधली आणि तिथेच राहिला. दोन रात्री झाल्या, चार झाल्या.

पाचव्या दिवशी नांजालाने मोठा मासा आणला, टोमॅटो घालून रस्सा केला, केस विंचरले. संध्याकाळी मुसुम्बा बांधावर दिसला तशी ती लगबगीने पुढे गेली.

"या. आज माझी पाळी. तशी मागची पण माझीच होती."

"अगं, ती पोरीला घेऊन पाण्यात बसलीय. मला इथे झोप लागेल का?"

"मग पाणी उतरल्यावर या."

मुसुम्बाने मागे वळून पाहिलं. "उतरून जाणार कुठे? आधी सगळ्या शिवारात पसरायचं आणि जिरायचं. आता बांधाने अडवलंय. अख्खा पावसाळा तिकडेच राहणार ते." मग त्याला रश्श्याचा वास आला. तो पूर्वी फक्त तिकडेच हसायचा तसं हसला. "तुझं घर आत राहिलं, हे बरं झालं बघ. तिथे चूलच पेटत नाही. भांडं झाकून दे, तिघांना पुरेल एवढं."

नांजाला कोरड्या जमिनीवरून आत गेली. सगळा मासा तिने भांड्यात काढला आणि वर झाकण घट्ट बसवलं.