देवळाला मिठी

हॅझलकोट गावात दर सप्टेंबरात एका रविवारी लोक देवळाला मिठी मारतात. हातात हात धरून सेंट ऑस्विनच्या देवळाभोवती, म्हणजे गावच्या जुन्या चर्चभोवती, माणसांचं कडं करायचं, आतल्या देवाला ऐकू जाईल अशा आवाजात पिकापाण्याच्या आभाराचं गीत म्हणायचं आणि मग चहा-केकवर तुटून पडायचं. कडं मात्र पुरं व्हायलाच हवं. फट राहिली तर ती मिठी कसली?

आजवर कधी फट राहिली नव्हती. यंदा मात्र देवळाच्या कारभारीण डॉर्कस पेटिफरबाईंच्या जिवाला घोर लागला होता. नव्या पाळकबाईंकडे ऑल्डरविक या बाजारगावातलं मोठं चर्च होतं आणि आसपासच्या खेड्यांतली देवळंही होती. धावपळीत त्यांना धड जेवायला सवड नसे. त्या अगदी मऊपणानं म्हणाल्या होत्या, "डॉर्कसबाई, माणसं कमी होत चालली आहेत. यंदा कडं पुरं झालं नाही, तर पुढच्या वर्षीपासून हा सण सगळ्यांचा मिळून ऑल्डरविकलाच करू या. चालेल ना?"

"चालेल की," डॉर्कसबाई हसून म्हणाल्या, आणि घरी जाऊन भांडी घासताना त्यांनी एक चांगली बशी फोडली.

मग त्या घरोघर फिरल्या. कुणाला प्लमच्या केकची लालूच दाखवली, कुणाला त्याच्या आईची आठवण करून दिली. गेल्या वर्षी होती तेवढी माणसं जमवली आणि वर चार जास्तच.

रविवारी दुपारी ऊन छान पडलं होतं. घंटा झाली, हातात हात गुंफले गेले, कडं देवळाच्या दक्षिणेकडून वळलं, मनोऱ्याला वळसा घालून उत्तरेला आलं आणि तिथं खुंटलं. चांगली बैलगाडी जाईल एवढी फट!

"असं कसं?" डॉर्कसबाई ओरडल्या. "माणसं तर जास्त आहेत!"

आणि मग त्यांचं लक्ष गेलं. उत्तरेच्या भिंतीला लागून नवीकोरी संडास-मोरी उभी होती. ती डॉर्कसबाईंनीच हट्टानं बांधून घेतली होती. म्हाताऱ्या माणसांना प्रार्थना सुखानं करता यावी, म्हणून त्यांनी तीन वर्षं जत्रेत मुरांबे विकले होते. घंटा वाजवणारे सायलस क्रम्प तेवढे विरोधात होते. "देवाच्या घराला संडास चिकटवता? आमच्या बापजाद्यांनी कळ सोसली आणि घरी गेले! मी मेलो तरी तिथं पाऊल टाकणार नाही!" पण संडासामुळं देवळाचा घेर वाढेल, हे ना सायलसला सुचलं, ना गवंड्याला, ना डॉर्कसबाईंना.

"तो सायलस तरी कुठं उलथला?" कुणीतरी विचारलं.

"घंटा वाजवली आणि गेला असेल फुरंगटून."

पाळकबाईंनी हळूच घड्याळ पाहिलं. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या विटांच्या चॅपेलमधून, दुसऱ्या पंथाच्या प्रार्थनाघरातून, गाणं ऐकू आलं.

चॅपेल आणि देऊळ यांचं आजोबांच्या काळापासून बिनसलेलं होतं. कारण काय, तर आभाराचं तेच गीत इकडचे एका चालीवर म्हणत, तिकडचे दुसऱ्या. पण चॅपेलमध्ये उपदेश करायचा केलेब थ्वेट. आयुष्यभर गावोगाव पाव पोचवलेला हा माणूस बोलता बोलता गायला लागे, गाता गाता पुन्हा बोलण्यावर येई, आणि ऐकणाऱ्याला वाटे की देव शेजारच्या बाकावर येऊन बसलाय. डॉर्कसबाई दर रविवारी त्याच वेळेला मोठी कात्री घेऊन देवळाच्या रस्त्याकडच्या भिंतीशी गवत कापत. एवढ्या आवारात तिथलंच गवत कसं गालिच्यासारखं असतं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनी हात सोडवून घेतले, रस्ता ओलांडला आणि जन्मात पहिल्यांदा चॅपेलचं दार ढकललं.

"...नव्याण्णव मेंढरं घरी, अन् हरवलेल्या एकासाठी मेंढपाळ रानात," केलेब डोळे मिटून गात होता, "काट्यात थांबला, कान दिला..."

डॉर्कसबाई उंबऱ्यातच खिळल्या. भिंतीआडून ऐकलेलं हेच गाणं समोरून किती मोठं होतं! दार करकरलं. केलेबनं डोळे उघडले.

"ये डॉर्कस. गवत कापून झालं वाटतं?"

सगळं चॅपेल खदाखदा हसलं. डॉर्कसबाई लालबुंद झाल्या, पण मागं हटल्या नाहीत.

"केलेब, आमचं कडं पुरत नाही रे. यंदा फट राहिली, तर सण गावातून जाईल."

पायपेटीवरच्या हेप्झिबा स्टोक्स चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "संडास बांधण्याआधी टेप लावायची होती."

"चुकलं माझं, हेप्झिबा."

"आणि चाल कुणाची म्हणायची?"

डॉर्कसबाईंचे आजोबा कबरीत कूस बदलणार होते. "तुमची म्हणा. मोठ्यानं म्हणा. पण या."

हेप्झिबांनी पायपेटीचं झाकण खाडकन लावलं. "बसलात काय? उठा!"

सगळं चॅपेल रस्ता ओलांडून आलं. कडं वाढत वाढत उत्तरेला पोचलं. आता संडासाच्या दाराशी एका बाजूला डॉर्कसबाई, दुसऱ्या बाजूला केलेब. मध्ये एका माणसाएवढी फट.

"ताण रे जरा!"

"अगं, खांदा निखळेल माझा!"

आशीर्वाद देणाऱ्यानं कड्यात उभं राहायचं नाही, असा रिवाज. त्यामुळं पाळकबाई ओठ चावत पायरीवर उभ्या. डॉर्कसबाईंनी डोळे मिटले. प्रभू, एक माणूस. एकच.

आत धो धो पाणी सुटलं. कडी निघाली. दार उघडून सायलस क्रम्प बाहेर आले, आणि समोर दोन गावकरी दोन बाजूंनी हात पसरून उभे.

"कुणी एक अक्षर बोलायचं नाही," सायलस म्हणाले.

"हात धुतलेस ना?" केलेबनं विचारलं.

"साबणानं! गरम पाणी आहे आत. बरं आहे तसं."

डॉर्कसबाईंनी तो ओला हात असा पकडला की सायलस कळवळले. कडं पुरं झालं. टाळ्या वाजवायला कुणाचेच हात मोकळे नव्हते, म्हणून लोकांनी नुसताच आरडाओरडा केला.

गीत सुरू झालं, आणि गोंधळ उडाला. देवळाची माणसं दिल्या शब्दाप्रमाणं चॅपेलची चाल म्हणू लागली, आणि चॅपेलची माणसं पाहुणेपणाची लाज राखून देवळाची. कुणालाच दुसऱ्याची चाल धड येत नव्हती. हसता हसता सूर मोडत होते, पुन्हा लागत होते. पाळकबाई पायरीवरच बसल्या आणि डोळे पुसत म्हणाल्या, "ऑल्डरविकचं राहू दे. तिथं हे कोण करणार?"

लोक चहाकडे धावले. डॉर्कसबाईंनी मात्र केलेबची बाही धरली.

"मेंढराचं पुढं काय झालं?"

"अगं, लहानपणापासून माहीत आहे तुला."

"माहीत आहे. तुझ्याकडून ऐकायचं राहिलंय."

केलेबनं चहाच्या रांगेकडे एकदा बघितलं. मग तिथंच, संडासाच्या दाराला पाठ टेकून, त्यानं डोळे मिटले आणि मेंढपाळाला पुन्हा त्या काटेरी झुडपापाशी आणून उभं केलं. डॉर्कसबाई गवतात बसल्या. केक संपला तरी त्या उठल्या नाहीत.